पूरपट्ट्यात लावायची फळकलमं: कोणती घ्यावी, कोणती रोपवाटिकेतच ठेवावी

कलमाच्या पिशवीला अडकवलेल्या चिठ्ठीवर जातीचं नाव असतं, फार तर रोपवाटिकेचा शिक्का. खुंट (म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते रोप) कोणता, जोड मातीपासून किती इंचावर, कलम गुटीचं की पाचरीचं, यातलं काही लिहिलेलं नसतं. माळावर लावणाऱ्याचं त्यावाचून फारसं अडत नाही. पण शिरोळ, मिरज, पलूस, वाळवा, करवीर इथल्या नदीकाठच्या काळ्या रानात लावायचं असेल, तर पैसे मोजायचे ते या न लिहिलेल्या गोष्टींसाठीच. फळ केशर आंब्याचं असो की कालीपत्ती चिकूचं, पाण्यात उभं राहायचं काम खुंटाला आणि मुळांना करायचं असतं.

या परीक्षणात सांगली-कोल्हापूर भागातल्या रोपवाटिकांत सर्रास मिळणारी कलमं आणि रोपं घेतली आहेत. कसोटी एकच: रानात पुराचं पाणी आठवडाभर राहिलं, तर दिवाळीला ते झाड जिवंत असतं का? चव, भाव आणि बाजार सांगणारे पुष्कळ आहेत.

आधी आपलं पाणी ओळखायचं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोक्याची पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर तेच आकडे ३९ आणि ४३. २०१९ साली आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर. बातम्यांत हेच आकडे येतात, पण रोप घेताना ते थेट कामाचे नाहीत. तुमच्या रानाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात पाणी शिरतं तेव्हा पुलावर किती फूट असतात, हा आकडा तुम्हाला माहीत हवा. गावात तो प्रत्येकाला तोंडपाठ असतो: 'बेचाळीसला आमच्या ओढ्याला फुग येते, सेहेचाळीसला मोटार काढावी लागते.' हा खरा माती परीक्षणाचा दाखला.

कृष्णा-पंचगंगेचं पाणी बहुतेक ठिकाणी समोरून येत नाही. ओढ्यानाल्यांतून उलटं चढतं आणि मागच्या सखल रानात आधी भरतं. तिथून ते जातंही सर्वांत शेवटी. म्हणून नदीला चिकटून असलेली मळी, म्हणजे गाळाची जमीन, कधी कधी मागच्या खोलगट काळ्या रानापेक्षा झाडाला बरी. मळीत पाणी उंच चढतं, पण वाहतं असतं आणि पातळी उतरली की निघून जातं. मागच्या रानात गुडघाभरच असतं, पण दहा दिवस हलत नाही. वाहत्या पाण्यातून मुळांना थोडा तरी प्राणवायू मिळतो, साचलेल्या कोमट पाण्यात तो एक-दोन दिवसांत संपतो.

म्हणजे तीन गोष्टी: पाणी किती दिवस राहतं, किती उंच चढतं, वाहतं की साचतं. चौथी गोष्ट पूररेषेची. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कागदावर हे ठीक आहे, पण २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर १७ वर्षांत आले आणि शेवटचे दोन तर दोन वर्षांच्या अंतराने. २०१९ नंतर लावलेलं झाड २०२१ ला जेमतेम छातीएवढं होतं. हिशेब धरायचा तो या जोडपुराचा.

काठावरची जुनी माणसं म्हणतात, झाड पुरात मरत नाही, पूर ओसरल्यावर मरतं. ते अक्षरशः खरं आहे. पाण्याखाली आधी बारीक पांढरी मुळं जातात. आभाळ भरलेलं असतं तोवर पानांना ते कळतही नाही. पाणी उतरतं, ऊन पडतं, पानं पाणी मागतात आणि खाली ते उचलायला मूळच उरलेलं नसतं. चार दिवसांत झाड मान टाकतं. मालकाला वाटतं तहान लागली, तो पाटाचं पाणी सोडतो आणि उरलेली मुळंही घालवतो.

डोळे झाकून घ्यावं असं एकच: जांभूळ

पूरपट्ट्यात जांभळाइतकं खात्रीचं फळझाड दुसरं नाही. ओढ्याकाठी कुणी न लावता उगवतं, यातच सगळं आलं. आठवडाभर पाण्यात राहून पानं पिवळी पडतात, काही गळतात, महिन्याभरात नवी पालवी येते. दुसरी जमेची बाजू वेळेची: फळ मे-जूनमध्ये निघून जातं. इथला महापूर जुलैचा शेवट ते ऑगस्ट. म्हणजे झाड बुडालं तरी त्या वर्षीचा पैसा घरात आलेला असतो.

रोपवाटिकेत बियांचं रोप आणि कलम दोन्ही मिळतं. बियांचं स्वस्त, पण फळाला आठ-दहा वर्षं घेतं आणि फळ कसं लागेल ते नशिबावर. कलम चार-पाच वर्षांत धरतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बहाडोली' मागून घ्यावी. तक्रार एकच: झाड मोकाट सोडलं तर ४० फुटांवर जातं आणि फळ माणसाच्या हाताला न लागता पाखरांच्या तोंडाला लागतं. दुसऱ्या वर्षापासून शेंडा मारून उंची आटोक्यात ठेवावी लागते. पण पूरपट्ट्यात खालच्या फांद्या ठेवायच्या नाहीत, खोड जमिनीपासून चार फूट मोकळं हवं. त्याचं कारण पुढे जलपर्णीच्या संदर्भात येईल.

नारळ: बांधासाठी उत्तम, एका अटीवर

नारळाची मुळं बुडाली तरी तो फारसं मनावर घेत नाही. नवी मुळं खोडाच्या बुडातून सतत येत राहतात. जीव असतो तो शेंड्यातल्या कोंबात. कोंबात गाळाचं पाणी शिरून दोन-चार दिवस राहिलं, तर तो कुजतो, आणि नारळाला दुसरा शेंडा फुटत नाही. त्यामुळे अट अशी: तुमच्या रानातल्या महापुराच्या उंचीच्या वर कोंब जाईपर्यंतची पाच-सहा वर्षं हा जुगार आहे. पाणी कमरेएवढंच चढत असेल तर जुगार सोपा, डोक्यावरून जात असेल तर नारळ नको.

म्हणूनच बुटक्या जाती इथे घेऊ नयेत. रोपवाटिकावाला 'तीन वर्षांत नारळ' म्हणून त्याच पुढे करतो. हाताशी नारळ येणं म्हणजे कोंबही पाण्याच्या हाताशी असणं. बाणवली ही उंच जात घ्यावी. रोप ९ ते १२ महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याचा घेर १० सेंटिमीटरच्या आसपास. उंच, पोपटी, लुकडं रोप सावलीत वाढलेलं असतं, ते सोडून द्यावं. दोन झाडांत २५ फूट अंतर.

पेरू: जात चांगली, पण कलमाचा प्रकार विचारा

पेरूला पाणी बऱ्यापैकी सोसतं. बुडाशी नवी मुळं फुटतात आणि झाड सावरतं. गोम आहे ती विकल्या जाणाऱ्या कलमात. गुटी कलम आणि दाब कलम या दोन्ही प्रकारांत फांदीलाच मुळं फोडलेली असतात, सोटमूळ नसतं, मुळं वरच्या फूट-दीड फुटात पसरतात. पुराच्या धारेत जमीन लोण्यासारखी मऊ झाली की असं झाड सबंधच्या सबंध आडवं होतं. बियांच्या खुंटावर बांधलेलं पाचर कलम असेल तर सोटमूळ धरून ठेवतं. पिशवीत बघून फरक कळतो: पाचर कलमाला खोडावर वीतभर उंचीवर जोडाची गाठ आणि दोन रंगांची साल दिसते, गुटीचं खोड मातीतून सरळ एकसारखं वर येतं.

सध्या सर्वत्र तैवान पिंकचा बोलबाला आहे. वर्षाच्या आत फळ दाखवतं म्हणून खपतंही खूप. पण पेरूच्या रोपांबरोबर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, रानात येतात, ही आज या पिकाची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. लॉटमधलं एक रोप विकत घेऊन तिथंच पिशवी फाडावी आणि मुळं बादलीत धुवावीत. मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर अख्खा लॉट परत. पूरपट्ट्यात याचं महत्त्व दुप्पट, कारण पुराचं पाणी ही कीड मातीबरोबर शेजारच्या रानातही नेतं. भावकीचं भांडण वेगळं व्हायला नको.

जातीत सरदार, म्हणजेच लखनौ ४९, अजूनही भरवशाची. नाव लखनौचं, निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीत. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरू नये, ऐन पुरात फूल आणि बारीक फळ गळून जातं. हस्त बहार, म्हणजे पावसाळा संपतानाचा फुलोरा, धरला तर फळधारणा पाणी ओसरल्यावर होते.

चिकू: खिरणीवर असेल तरच

कालीपत्ती चिकू खिरणीच्या खुंटावर असेल तर काळ्या रानातही टिकतो आणि मध्यम पूर सोसतो. मात्र खिरणीचं रोप वाढायला फार मंद, कलम बांधण्याजोगं व्हायला दोन वर्षं घेतं. म्हणून ते महाग पडतं आणि म्हणूनच स्वस्तातलं चिकू कलम बहुतेक वेळा दुसऱ्या कशावर तरी बांधलेलं असतं. खरेदीच्या वेळी 'खुंट खिरणी' असं पावतीवर लिहून मागावं. लिहायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं. अंतर ३३ फूट लागतं, एकरी ४० झाडं. पहिली पाच-सहा वर्षं मधल्या जागेत भाजीपाला घेता येतो, हा या झाडाचा न सांगितला जाणारा फायदा.

आंबा: झाड टिकतं, विकतचं कलम टिकेलच असं नाही

विहिरीजवळचे जुने रायवळ आंबे २००५ पासूनचे सगळे पूर बघून उभे आहेत. यावरून 'आंब्याला पाणी चालतं' असा निष्कर्ष काढून केशरची कलमं लावली जातात आणि पहिल्याच पुरात निम्मी जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आंबा पाण्यात तगतो तो खोडाच्या सालीवरच्या श्वासरंध्रांच्या जोरावर. पाण्याची रेषा जिथे खोडाला टेकते, तिच्या जरा वर आठवड्याभरात सालीवर पांढुरके, कापसाच्या बोंडासारखे मऊ फुगवटे येतात. हाताला भुसभुशीत लागतात. ते रोग म्हणून खरवडू नयेत, झाड त्यातूनच श्वास घेतंय. ज्या झाडावर हे फुगवटे आले नाहीत, ते बहुधा वाचत नाही. दीड-दोन फुटांचं कोवळं कलम तर पूर्ण बुडतं, मग खोडाला हवा मिळणार कुठून?

म्हणून इथे विकतच्या कोय कलमापेक्षा जागेवर बांधलेलं कलम सरस. ताज्या कोयी जूनमध्ये पूररेषेबाहेर उंच पिशव्यांत रुजत घालाव्यात, ऑक्टोबरात रोपं रानात न्यावीत, वर्षभरानं खोड पेन्सिलीएवढं झालं की अडीच-तीन फुटांवर मृदकाष्ठ कलम (कोवळ्या शेंड्यावर बांधायचं कलम) बांधावं. सोटमूळ पिशवीत वळायच्या आत जमिनीत जातं आणि जोड गाळाच्या वर राहतो. यात एक वर्ष जास्त लागतं. बहुतेकांना तेवढा दम नसतो, हेही खरं.

कोकणातून आलेली कलमं घेणार असाल तर पिशवीतला लाल मातीचा गोळा तसाच काळ्या रानात पुरू नका. दोन मातींत पाणी सारखं फिरत नाही. गोळा उन्हाळ्यात कोरडा राहतो आणि पावसाळ्यात गच्च. बाहेरची दोन बोटं माती हलक्या हातानं झाडून मग लावावं.

लिंबूवर्ग: वरच्या पट्ट्यातच

कागदी लिंबू आणि मोसंबी पाणी काही दिवस सोसतात, पण त्यानंतर फायटोप्थोरा बुरशी गाठते. बुंध्याला डिंक, साल तपकिरी, एका बाजूची फांदी पिवळी, हा क्रम ठरलेला. मोसंबी जंबेरीवर बांधलेली असेल तर ती या बुरशीला लवकर बळी पडते, रंगपूर लिंबाचा खुंट त्या मानानं बरा. डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून ९ इंच तरी वर हवा. रोपवाटिकेत चार-पाच इंचांवर डोळा भरलेली कलमं ढिगानं दिसतात, कारण खुंट लवकर तयार होतो. पुरानंतर चार इंच गाळ बसला की तो डोळा मातीत गेलाच. फक्त महापुरात भिजणाऱ्या, दोन-तीन दिवसांत निथळणाऱ्या रानात लिंबू घ्यावं, बाकी ठिकाणी नाही.

ही घ्यायचीच नाहीत

पपई दोन दिवसांच्या साचलेल्या पाण्यात संपते, त्यावर चर्चा नको. डाळिंब आणि सीताफळ ही हलक्या, निचऱ्याच्या जमिनीची पोरं. काळ्या रानात ती पूर नसतानाही कुरकुरतात, आणि सीताफळाचं फळ तर ऑगस्टपासूनच काढणीला येतं, म्हणजे बरोबर पुराच्या तोंडी. फणसाला मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. आणि ॲव्होकाडो: सध्या प्रत्येक रोपवाटिकेच्या दारात तो सर्वांत पुढे मांडलेला असतो, किंमतही सर्वांत जास्त. मूळकुजीला इतकं नाजूक फळझाड शोधून सापडणार नाही. पूरपट्ट्यात तो लावणं म्हणजे शब्दशः पैसे पाण्यात.

रोपवाटिकेत काय तपासायचं

महाराष्ट्रात फळरोपं विकायला १९६९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तो भिंतीवर लावलेला आहे का, मातृवृक्ष दाखवतात का, पक्की पावती देतात का, हे सगळेच सांगतात. पूरपट्ट्यासाठी याच्या पुढचं बघायचं असतं.

पिशवी उचलून तळ बघा. तळाच्या भोकातून जाड मूळ बाहेर येऊन खालच्या जमिनीत गेलं असेल, तर उचलताना ते तुटणार. एक पिशवी फाडल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली, तर ते रोप पिशवीत जास्त दिवस राहिलंय. असं झाड पाच वर्षांनी दिसायला चांगलं दिसतं आणि पुराच्या धारेत बाटलीच्या बुचासारखं निघतं. मातीचा वास घ्या. आंबूस, कुबट वास आला तर मुळं आधीच कुजायला लागली आहेत. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढलेली असावी. राहिली असेल तर ती सालीत रुतते, आणि पुढे वाऱ्यापाण्याच्या ताणाला झाड नेमकं तिथंच मोडतं.

छोट्या पिशवीतलं स्वस्त रोप की मोठ्या पिशवीतलं महाग, हा नेहमीचा प्रश्न. माळावर छोटं घ्या, लवकर जम धरतं. पूरपट्ट्यात उलट. पहिल्या पुराला झाडाची उंची हीच त्याची ढाल असते, त्यामुळे मोठ्या पिशवीतलं, अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप जास्त पैसे देऊन घेणं परवडतं. मात्र मुळं गुंडाळलेली नाहीत हे बघूनच.

'मर झाली तर बदलून देऊ' ही हमी बहुतेक ठिकाणी मिळते. तिच्यात पूर धरलेला नसतो, आणि तसं धरावं अशी अपेक्षाही रास्त नाही. पण टेम्पोतून एकावर एक रचून आणलेली, गोळा फुटलेली रोपं उतरवून घेतानाच मोजून बाजूला काढावीत. दुसऱ्या दिवशी फोनवर ते कुणी मान्य करत नाही.

लावणीचा मुहूर्त हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. रोपवाटिकांची गर्दी मृगाला असते. जूनमध्ये लावलेलं रोप महापुराच्या वेळी सहा-आठ आठवड्यांचं पोर असतं. इथे लावणी दसरा ते दिवाळी. नदीचं पाणी आहे, उन्हाळा निभावतो, आणि पुढच्या पुरापर्यंत झाडाला नऊ-दहा महिने मिळतात. तोवर रोपवाटिकेत उरलेला माल असतो हे लक्षात ठेवून जुलैतच आगाऊ पैसे देऊन रोपं निवडून ठेवावीत.

खड्डा नको, ढीग करा

तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा, त्यात शेणखत, वाळू, पालापाचोळा, ही शिफारस मुरमाड जमिनीची. चिकण काळ्या रानात असा भुसभुशीत भरलेला खड्डा म्हणजे हौद. चहूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. रान वरून वाफशावर आलेलं दिसतं आणि झाड खाली पाण्यातच असतं.

त्याऐवजी उंचवटा करावा. बुडाला सहा फूट व्यास, माथ्याला तीन फूट, उंची दोन फूट. याला साधारण ३३ घनफूट माती लागते, म्हणजे एका ब्रासमध्ये (१०० घनफुटांत) तीन झाडं. वीस बाय वीस फुटांवर एकरी १०८ झाडं बसतात, म्हणजे ३६ ब्रास. बाहेरून आणायची गरज नाही. दोन ओळींच्या मध्ये दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर काढला तर दर झाडामागे ६० घनफूट माती निघते. ढीगही होतो आणि निचराही. पहिल्या पावसाळ्यात ढीग दबतो, म्हणून सुरुवातीला चार-सहा इंच जास्तच ठेवावा. ढिगाच्या उतारावर वाळा किंवा हरळी लावून घ्यावी, नाही तर पहिल्याच धारेला माथा धुऊन जातो.

ओळी आणि चर पाण्याच्या धारेच्या दिशेनं हवेत. आडवे घेतले की प्रत्येक ओळ बंधारा होते. मागे पाणी तुंबतं, पुढे माती कातरली जाते. 'झाडं लावली की काठाची धूप थांबते' आणि 'झाडामुळं भोवरा होऊन जास्त माती निघते' असे दोन पक्ष गावात कायम भांडतात. एकटं-दुकटं झाड असेल तर दुसरा पक्ष बरोबर, सलग ओळ आणि खाली दाट गवत असेल तर पहिला.

आता जलपर्णी. पंचगंगेच्या पुरात पाण्याइतकीच ती येते, सोबत उसाचं पाचट, प्लॅस्टिक, कुणाच्या तरी गोठ्याचा वासा. खालच्या फांद्यांत हे अडकलं की झाडाचं शीड होतं आणि धारेचा सगळा जोर खोडावर येतो. म्हणून चार फूट खोड मोकळं. आधाराला बांबू एक नाही, तीन, आणि ते धारेच्या वरच्या अंगाला. बांधायला सुतळी, आठच्या आकड्यासारखी सैल. तारेनं बांधलेली झाडं तारेपाशीच सोलून निघतात.

ठिबकच्या नळ्या इशारा पातळी गाठायच्या आत गुंडाळून वर काढाव्यात. गाळ शिरलेल्या नळ्यांना आम्लाची प्रक्रिया सुचवली जाते. आम्ल क्षार विरघळवतं, गाळ नाही. शेवटची टोपणं उघडून दाबानं पाणी सोडणं, एवढाच त्यावर इलाज.

पाणी उतरल्यानंतरचे दहा दिवस

पहिलं काम चर मोकळे करण्याचं. चिखलात ट्रॅक्टर घालायचा नाही, घट्ट झालेली माती वर्षभर सुटत नाही. पानांवरचा गाळ ओला असतानाच फवारणी पंपाच्या स्वच्छ पाण्यानं धुवावा. वाळल्यावर तो पापुद्र्यासारखा चिकटतो आणि पान असून नसल्यासारखं होतं. कललेली झाडं दोन-तीन दिवसांत, माती मऊ असतानाच सरळ करावीत. नंतर ओढलं तर उरलेली मुळं तुटतात.

मग बुंध्याशी बसलेला गाळ. लोक त्याला फुकटचं खत समजून ठेवतात. उसाला तो खतच आहे. झाडाच्या बुंध्याशी चार-सहा इंच बसला की मुळांचा श्वास कोंडतो आणि साल कुजते. जुनी मातीची रेषा दिसेपर्यंत खुरप्यानं हलकेच काढून घ्यावा आणि वाफसा आल्यावर वरचा पापुद्रा फोडावा. झाडाचा एक तृतीयांश पाला छाटावा, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा बोजा कमी होतो. युरिया जमिनीतून देऊ नये, उचलायला मुळंच नाहीत. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम, पानांवरून.

खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचे, धातूचं भांडं चालत नाही. तयार मिश्रणात स्वच्छ विळ्याचं पातं मिनिटभर बुडवावं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुना घालावा, नाही तर साल भाजते. त्याच दिवशी वापरून संपवावं. लिंबूवर्गाच्या बुंध्याशी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची लिटरला २.५ ग्रॅमप्रमाणे आळवणी करावी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतावं. पालवी येईपर्यंत पाणी द्यायची घाई नको.

ऊसवाल्यांचं म्हणणं

काठावरच्या बहुतेक शेतकऱ्यांचं मत फळझाडांच्या विरुद्धच आहे आणि ते अडाणीपणाचं नाही. उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस वाचतो, बुडाला तर त्या वर्षाचं नुकसान होतं, पण पुढच्या वर्षी नवी लावण करता येते. फळझाड गेलं की पाच वर्षं जातात. भरपाईचा हिशेबही त्यांच्या बाजूनं बोलतो. केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये होते. एकरी साधारण ९,१०० झाले. १०८ झाडांवर वाटले तर झाडामागे साधारण ८४ रुपये. तेवढ्यात ढिगाची मजुरीही निघत नाही. ही भरपाईही मिळायची तर ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारी पीकनोंदीच्या ॲपवर, झाडांची नोंद हवी, आणि ती नोंद बांधावरच्या झाडांची करायला लोक विसरतात.

शिवाय बांधावरच्या झाडाची सावली शेजाऱ्याच्या उसावर पडते, ऊसतोडीच्या गाडीला वाट अडते, हे रोजचे वांधे वेगळेच.

म्हणून सबंध रान मोडून बाग करणं आम्ही सुचवणार नाही. ज्यांचं रान उतरतं आहे, त्यांनी वरचा तिसरा हिस्सा पेरू-चिकूला द्यावा, मधला उसाला ठेवावा आणि नदीकडच्या बांधाला जांभूळ लावावं. नारळ तिथंच, जिथं पाणी कमरेच्या वर जात नाही. पहिल्या खेपेला वीस-पंचवीस रोपांहून जास्त उचलू नयेत. एक पूर गेल्यावर त्यातली कोणती कुठं तगली ते बघून पुढची मागणी नोंदवावी, आणि ती नोंदवताना पावतीवर खुंटाचं नाव लिहून घ्यावं.